दाखल्यावरची डिंपल, आधारवरची पुष्पांजली

डिंपल,

तुला मी पुष्पांजली म्हणणार नाही. ते नाव सासऱ्यानं ठेवलं, आधार कार्डावर आहे, असू दे. माझ्या हजेरीपटावर तू तीन वर्षं डिंपल किसनराव होतीस, आणि इंग्रजीचा तास आला की पोटात दुखतं म्हणून बाकावर डोकं टेकवून पडायचीस. पोटात काही दुखत नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता तुझ्याविषयी लिहायला बसले तर तोंडावर बोलल्यासारखं जमेना. मध्येच तुला रागवायला लागते, मध्येच स्वतःची बाजू घ्यायला लागते. म्हणून यापुढे तू 'ती', आणि मीही कुणी तिसरीच, मनकर्णाबाई. वाच, आणि चुकलं असेल तिथं खूण कर.

डिंपलचं सासर नांदुऱ्यापासून सात किलोमीटरवर. भाजीपाल्याचं घर. चार एकर ओलीत, दोन भाऊ, दोन जावा आणि एकच चूल. थोरला अर्जुनराव, त्याची बायको अंबूबाई आणि त्यांचा मुलगा प्रज्वल. धाकटा गजेंद्र, त्याची बायको डिंपल. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, तेव्हा सासरे कारभारी म्हणाले, "डिंपल काय नाव हाय? लोक डंपर म्हनतीन. रेतीचे डंपर काय कमी हायेत रस्त्यानं?" मांडव खदखदून हसला. डिंपलही हसली. नवरीनं दुसरं काय करायचं? गजेंद्रनं तांदळात पुष्पांजली लिहिलं, आणि पुढे आधार, बँक, रेशन, सगळीकडे तेच चढलं.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, संग्रामपूरकडे. दवाखान्यातला फॉर्म भावानं, अविनाशनं भरला. आईचं नाव? त्याच्या लेखी त्याच्या बहिणीचं नाव डिंपलच. त्यानं तेच लिहिलं आणि वर जन्माचा दाखला लॅमिनेट करून आणला. मुलीचं नाव अपेक्षा ठेवलं. दाखला कपाटात गेला. चार वर्षं कुणी काढून वाचला नाही. वाचायचं असतं काय त्यात?

मुलगी बोलायला शिकली ती प्रज्वलचं ऐकून. तो अंबूबाईला आई म्हणायचा, डिंपलला काकू, गजेंद्रला काका. मग हीही तसंच म्हणू लागली. आमच्याकडच्या एकत्र घरांत यात कुणाला नवल वाटत नाही. मनकर्णाबाई स्वतः आपल्या वडिलांना ते जाईपर्यंत 'भाऊ' म्हणत होत्या, आणि त्यांनी तर एम.ए. केलंय. शिवाय पहाटे पाचला डिंपल भाजी घेऊन मंडीत जायची, तेव्हा पोरीला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं अंबूबाईचं. डिंपलला एकदोनदा टोचलं असेल. पण जावेनं पोर सांभाळावी आणि आपण वर 'आई' ही हाकही मागून घ्यावी, हे तिला बरं दिसलं नाही.

तिला हवी होती ती शाळा. सिस्टर लोकांची, इंग्रजी, नाव लिहीत नाही, कारण चूक शाळेची नव्हती. केजी वनला शिरलं तर शिरलं. वरच्या वर्गात जागा म्हणजे कुणाची बदली झाली तरच. बँकेत इंग्रजी कागद पुढे आला की डिंपल शेजारच्याच्या तोंडाकडे बघायची. "बाई, मले येत नाई थे नाई," ती मनकर्णाबाईंना म्हणाली होती, "पण माह्या पोरीनं कोनाच्या तोंडाकडे पाहू नये." बाई निवृत्तीनंतर नांदुऱ्यालाच राहत होत्या. डिंपल दर सोमवारी मंडीतून परत जाताना त्यांच्याकडे यायची, फॉर्ममधला एकेक रकाना विचारून जायची आणि कोथिंबिरीची जुडी ठेवून जायची. बाई रागवायच्या. जुडी मात्र ठेवून घ्यायच्या.

तयारी तीन महिने चालली. मोबाइलवर रंग, प्राणी, फळं. घरादाराला ताप. अर्जुनराव जेवायला बसले की पोरगी ताटाकडे बोट दाखवून "येलो!" ओरडायची आणि ते म्हणायचे, "येलो त येलो, वाढ बाप्पा लवकर." सासऱ्यांना एकच काळजी. "पोट्टीले प्रार्थना कोनती शिकवतीन?"

"चांगलं वाग म्हनून सांगतात, बुवा. आपल्यासारखंच," डिंपल म्हणायची.

"मंग थे त म्या फुकटात सांगतो!"

भाज्यांच्या चित्रांशी मात्र अपेक्षाचं पटेना. डिंपलनं गोल, चकचकीत, जांभळं चित्र पुढे धरलं. "हे काय? ब्रिंजल."

"हे वांगं नाई."

"वांगंच हाय वं."

"याले काटे कुठी हायेत? हे प्लास्टिकचं हाय." वांग्याच्या घरातली पोर. तिला कोण फसवणार?

गजेंद्रनं पहिल्यांदा कॉलरचा शर्ट इस्त्री करून घेतला. मनकर्णाबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सिस्टर काय काय विचारतील ते सगळं विचारलं. धंदा काय, मुलीला वेळ किती देता, टीव्ही किती बघते. सगळं विचारलं. मुलीला मात्र, ही तुझी कोण, हा प्रश्न विचारला नाही. ते विचारायचं कुणाला सुचणार?

मुलाखत फेब्रुवारीत. मोठ्या सिस्टर केरळकडच्या, वयस्क, हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या. अपेक्षानं रंग सांगितले, कविता म्हटली, 'गुड मॉर्निंग' तर दारातूनच. गजेंद्रचा खांदा जरा सैल पडला. मग सिस्टरनी सहज, मायेनंच विचारलं, "बेटा, किसके साथ आयी?"

"काका-काकूसंग."

"अच्छा. मम्मी नहीं आयी?"

अपेक्षाला मम्मी म्हणजे आई हे माहीत होतं, मोबाइलनंच शिकवलं होतं. "आई घरी हाय. मेथी खुडून राह्यली."

डिंपल खुर्चीतून पुढे सरकली. "सिस्टर, मीच आई आहे तिची. घरात काकू म्हणायची सवय आहे, म्हणून—"

सिस्टरनी मान हलवली. रागावल्या नाहीत. फायलीतून लॅमिनेट केलेला दाखला काढला, आधार काढलं, शेजारी शेजारी ठेवलं. एकावर डिंपल. एकावर पुष्पांजली. मग पुन्हा मुलीकडे वळल्या. "ये कौन है, बेटा?"

"काकू," अपेक्षा म्हणाली, आणि बरोबर उत्तर दिल्यासारखी हसली.

सिस्टर म्हणाल्या ते वाजवी होतं. मागच्या वर्षी एकानं भावाचा मुलगा आपला म्हणून घातला होता आणि पुढे फार रडारड झाली. त्यांनी दहा दिवस दिले. "दोन्ही नावं एकाच बाईची, असा कागद आणा. नाही मिळाला तर तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणी जबाबदार माणूस आणा. शिक्षक असले तर उत्तम. माझ्यासमोर लिहून देऊ द्या, मला चालेल. आणि बेटीला पुन्हा आणा."

बाहेर आल्यावर गजेंद्र बोलला ते बायकोलाच. "काऊन वं, तुले पोरीले येवढंबी शिकवता नाई आलं?"

"आन् तुमाले ती काका म्हनते थे?"

"मले कोनं इचारलं तिथी?" तो म्हणाला, आणि दोघं एसटीत वेगवेगळ्या बाकांवर बसली.

त्या संध्याकाळी डिंपलनं मुलीला पुढ्यात घेतलं. "मले काय म्हनशीन? मम्मी म्हन."

अंबूबाई ओट्यापाशी होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "म्हन वं माय, म्हन. काकूले मम्मी म्हन. माह्यं काही म्हननं नाई." आणि कणीक इतकी तिंबू लागली की परात खडखडली.

अपेक्षानं दोघींकडे बघितलं. मग विचार करून म्हणाली, "मम्मीकाकू."

प्रज्वल हसला, त्याला अंबूबाईनं पाठीत धपाटा घातला आणि स्वतः डोळ्याला पदर लावला. डिंपल त्यानंतर मुलीला शिकवायला बसली नाही. काय शिकवणार? शिकवलं तर ओट्यापाशी उभी असलेली बाई रडते, नाही शिकवलं तर शाळा जाते.

दुसऱ्याच दिवशी ती मनकर्णाबाईंकडे आली. दारातूनच म्हणाली, "बाई, तुम्ही चाला माह्यासंग. सिस्टर म्हनल्या, शिक्षक चालन. तुम्हाले त मी डिंपल होती तवापासून माहीत हावो."

मनकर्णाबाईंनी दाखला हातात घेतला, चष्मा चढवला, आणि चिडल्या. चिडल्या म्हणजे अविनाशवर, कारभारींवर, तांदळाच्या ताटावर, चार वर्षं न उघडलेल्या कपाटावर. समोर होती डिंपल. "अवं, मी येईन. पण माझ्या सहीनं आजचं निभावेल. उद्या दहावीचा फॉर्म, परवा जातीचा दाखला, प्रत्येक ठिकाणी मी येऊ का? मी आहे का तोवर? मुळातलं दुखणं काढ. आधी दाखला दुरुस्त करून आण. मग मला घेऊन चल."

बोलणं खोटं नव्हतं. बाईंचं बोलणं क्वचितच खोटं असतं. डिंपलनं दाखला परत पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "बरं, बाई."

ती तीनदा संग्रामपूरला गेली. दाखल्याच्या कचेरीतल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, नाव लग्नात बदललं, तर लग्नाची नोंद कुठं आहे? नोंद कुणी केली होती? आठशे पान जेवलं, तीच नोंद. मग ग्रामपंचायत, मग फोटो, मग साक्षीदार, मग भटजीची सही. भटजी खामगावला मुलाकडे गेलेले. चौथ्या दिवशी टोमॅटो उतरवायचे होते, तिला कुणी सोडेना. सहाव्या दिवशी प्रतिज्ञापत्र झालं, त्यात टंकणाऱ्यानं नवऱ्याचंच नाव चुकवलं. सातव्या दिवशी पुन्हा. नवव्या दिवशी अर्ज घेतला गेला. दुरुस्तीला किती दिवस? माणूस म्हणाला, "महिना धरा, ताई."

ती रिकाम्या हातानं परत आली. नांदुऱ्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा चार वाजले होते. मनकर्णाबाईंचं घर तिथून पाच मिनिटं. ती गेली नाही. आधी दाखला, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि दाखला झाला नव्हता.

दहाव्या दिवशी मनकर्णाबाई तयार होऊन वाट बघत बसल्या होत्या, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नव्हत्या बसल्या. त्यांना दिवस किती झाले हे ठाऊक होतं, फोन उशाशी होता, डिंपलचा नंबर त्यात होता. पण पोरीनं स्वतः काम पुरं करून यावं, आपण मागे लागू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी गहू निवडले.

अकराव्या दिवशी त्यांनी फोन केला. पलीकडे मंडीतला गलका होता.

"काय झालं गं त्याचं?"

"यादी लागली, बाई. काल संध्याकाळी. आपलं नाई."

"मग मला फोन का नाही केलास? मी आले असते तशीच!"

तिच्या मागे वांग्याची बोली लागत होती.

"तुम्हीच म्हनलं होतं ना बाई, आधी दाखला," डिंपल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मनकर्णाबाईंना उत्तर देता आलं असतं.

दाखला एप्रिलमध्ये दुरुस्त झाला. अपेक्षा गावातल्या अंगणवाडीत जाते. नांदुऱ्याच्या स्टँडवरून सिस्टरांच्या शाळेला दर अर्ध्या तासाला गाडी असते. सिस्टरसमोर बसून बाईंनी चार ओळी लिहायच्या होत्या. त्या गाडीत डिंपल आणि बाई एकदाही बसल्या नाहीत.