सावदा ते नाशिक, व्हाया वांगी

आमच्या सावद्यात किस्से केळीच्या पिलांसारखे येतात. एक संपला म्हणेपर्यंत बुडाशी दोन उगवलेले! त्यात आमची शनिवार-रविवारची नाशिक ट्रिप म्हणजे अख्खी बागच. आम्ही चौघं. मी मेडिकलवाला, पारस किराणावाला (गाडी त्याची), गोपाळ केळीवाला आणि गोपाळचे काका, म्हणजे आबा. लोकांना सांगायला ट्रिप, खरं काम गोपाळसाठी मुलगी बघायचं. पोरगा सोन्यासारखा, पण शेतकरी म्हटलं की मुलीकडचे "कळवतो" म्हणतात आणि कळवत कोणीच नाही. आम्ही त्यावरून त्याला चिडवतो खरं, पण मनातून वाईट वाटतं.

*

पहाटे निघताना आबांनी गाडीच्या टपावर कपाशीच्या काड्यांचा भारा बांधला. डिकीत भरिताची वांगी, आपली खानदेशी हिरवी.

"आबा, नाशकात गॅस असतो!" पारस कळवळला. गाडी नवी होती ना!

"गॅसवरचं भरीत आजाऱ्याले देतात," आबा म्हणाले. विषय संपला.

धुळ्याजवळ पोलिसानं थांबवलं.

"वर काय शे?"

"काड्या."

"डिकीमा?"

"वांगी."

"कोठे चालनात?"

"पोरगी पाह्यले."

पोलिसानं आम्हा चौघांना नीट न्याहाळलं. "पोरगीना बापले ह्या काड्या दखाडू नका, भो!"

*

गोपाळच्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. शेतात वीज आली की स्टार्टर स्वतःच गोपाळला फोन लावतो. आतून बाईचा गोड आवाज येतो, "वीज आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

त्या दिवशी वीज सारखी ये-जा करत होती. चांदवडपर्यंत बाईचे फोन थांबेनात. गोपाळ दर वेळी केस सावरून फोन घ्यायचा आणि एक दाबायचा.

पारस म्हणाला, "जगात एकच बाई तुझ्याशी नीट बोलते, आणि तीपण स्टार्टरमध्ये राहते!"

मागच्या सीटवर आबा डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "तिचे मायबाप कुठचे हायेत?"

*

मुलीकडे रविवारी सकाळी जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये शिरलो. तिथं केळी फ्रीजच्या कपाटात, गार वाऱ्यात! गोपाळचा जीव कासावीस. "थंडीनं काळी पडतात न भो!" म्हणत त्यानं सगळी बाहेर काढून टेबलावर मांडली.

एका बाईंनी विचारलं, "दादा, उद्या उपवासाला कुठली घेऊ?" गोपाळनं निवडून दिली. दुसरीला परवासाठी दिली. बघता बघता रांग लागली आणि मॅनेजर आला. आम्ही पळायच्या तयारीत.

"तुला कोणी पाठवलं?"

"आबांनी," गोपाळ चाचरत म्हणाला.

"त्यांना सांग, उद्यापण पाठवा!"

*

मुलीचं घर आठव्या मजल्यावर. वडील मूळचे आपल्याच भागातले, पण आता नाशकात मुरलेले.

"शहरात फ्लॅट?"

"नाही."

"घ्यायचा विचार?"

गोपाळ खरं बोलला. "केळी सोडून मले कुठं करमत नाही."

मुलगी, मेघना, गालात हसली. वडील म्हणाले, "कळवतो."

लिफ्टमध्ये गोपाळचा चेहरा बघवेना. खाली आल्यावर आबांनी पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात काड्यांचा भारा सोडला. "पोरगी नाही त नाही. वांग्यांनी काय घोडं मारलं?"

धूर वर चढला. वॉचमन आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावत आला. आम्ही कोणाकडे आलो ते विचारून त्यानं त्यांच्या घरी इंटरकॉम लावला. "साहेब, तुमच्या पाहुण्यांनी खाली आग लावलीय!"

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "साहेब विचारताहेत, वांगी हिरवी आहेत का?"

थोड्याच वेळात वडील कांद्याची पात घेऊन आणि मेघना ताटं घेऊन खाली हजर! भरीत असं काही जमलं होतं की वॉचमनसुद्धा सिलिंडरवर बसून जेवला. निघताना वडील बोटं चाटत म्हणाले, "कळवतो हं!"

आमची तोंडं पुन्हा उतरली.

*

परतताना जळगाव जवळ आलं. तेवढ्यात गोपाळचा फोन वाजला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आला.

"हॅलो..." बाईचा गोड आवाज.

"वीज आली वाटतं," आबा म्हणाले.

"मी मेघना बोलतेय. बाबा कळवतील तेव्हा कळवतील. मला तुम्ही पसंत आहात. तुमचं काय ते सांगा."

पारसनं गाडी कडेला घेतली. आबांनी गोपाळला मागून ढोसलं. "बोल ना रे, बापा!"

गोपाळला दरदरून घाम फुटला. त्यानं सवयीनं केस सावरले.

मग त्यानं एक दाबलं.