मेपलगावची सभा

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑकलंडच्या दक्षिणेला, एका जुन्या बटाट्याच्या शेतात गमबूट घालून उभा होतो. त्या शेतात आता घरं होणार आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याच्या नळांचे उतार काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्याची बायको, नीलिमावहिनी, एवढंच म्हणाल्या, की बूट घालायला खाली वाकला तो वर आलाच नाही. खरं सांगतो, रडू खूप नंतर आलं. आधी आला तो राग. हा गडी डाव अर्धा टाकून गेला! आदल्याच संध्याकाळी त्याने मला फोनवर दम दिला होता, की शनिवारी ये, बिल्डरला असा लोळवतो की पुन्हा उठणार नाही. त्यातला बिल्डर म्हणजे मी.

अविनाश ऑकलंडमधल्याच पेनरोजच्या एका डेपोत मालाच्या ट्रकांचे रस्ते आखायचा आणि स्वतः मात्र ट्रेननेच जायचा. या शहरात माणसं घरात कमी आणि गाडीत जास्त का राहतात, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला आणि तो थेट महायुद्धानंतरच्या अमेरिकेपर्यंत पोचला. तिथे सैनिक घरी परतले, गावांबाहेरची शेतं विकली गेली, एकाच साच्यातल्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि दूधसुद्धा गाडी काढल्याशिवाय मिळेनासं झालं. पुढे जगाने त्याचीच कॉपी मारली, आपणही मारतोय, असं तो तावातावाने सांगायचा. दुसरा कुणी असता तर फेसबुकवर चार पोस्ट टाकून गप्प बसला असता. याने जेवणाच्या टेबलावर आख्खं गाव वसवलं. काड्यापेट्यांची घरं, नूडल्सच्या चॉपस्टिक्सचे ट्रामचे रूळ, आणि पलीकडे हिरव्या टॉवेलची शेतं. गाव ओहायोतलं, काल्पनिक, नाव मेपलगाव. लढाई नुकतीच संपलेली. शेतं विकत घ्यायला बिल्डर आलेला, आणि गावकऱ्यांना ठरवायचंय, हो की नको. इतिहासात सगळे हो म्हणाले. नको म्हणाले असते तर?

महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा घरं त्याच्याकडे जमायचो आणि मेपलगावचे रहिवासी व्हायचो. कुणी न्हावी, कुणी पाद्री, कुणी ट्रामचा ड्रायव्हर. अविनाशची कॉलेजात जाणारी मुलगी इरा सभेची अध्यक्ष. तिला मराठी सगळं कळतं, पण निवाडा इंग्रजीत देते. चहा येईपर्यंत निर्णय झाला नाही तर बिल्डरची परवानगी रद्द, हा एक नियम. दुसरा नियम खुद्द अविनाशचा आणि महामूर्ख. बिल्डरच्या बाजूने एक जरी हात वर आला तरी गाव हरलं, पुढच्या वेळी डाव पहिल्यापासून. आम्ही म्हणायचो, अरे बहुमत ठेव की. तो ऐकेल तर शपथ.

आणि गावाच्या बाजूने बोलणारा तो दर वेळी हरायचा! हरणारच. समोर बसलेली आम्ही सगळी डोंबिवली, परळ नि सदाशिव पेठेतून आलेली मंडळी. दोन खोल्यांत सात माणसं आणि खिडकीत एक तुळस, एवढीच बाग आम्हाला ठाऊक. मी बिल्डर म्हणून नुसतं उभं राहून "प्रत्येक घरामागे हिरवळ" एवढं म्हटलं, की अमेरिकन न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यात आधी हात वर व्हायचा नीलिमावहिनींचा. त्यांना लिंबाचं झाड लावायचं होतं आणि अविनाश स्टेशनजवळचा फ्लॅट सोडायला तयार नव्हता. हा असा घरचा आहेर मिळाला, की अविनाश कपाळाला हात लावायचा आणि मग सगळ्यात मोठ्याने स्वतःच हसायचा.

एकदा मात्र त्याने कमाल केली. सभा सुरू होताच उठून म्हणाला, की आजचे प्रमुख पाहुणे बिल्डरसाहेब, त्यांचा आधी सत्कार. माझ्या अंगावर शाल पडली, हातात खराखुरा नारळ आला. सत्कार नाकारायचा कसा? आपल्या माणसाला ते जमतच नाही. मी फुशारून बसलो. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय... ओहायोच्या पाद्र्याने माझ्या आजोळची माहिती सांगितली. आभारप्रदर्शनात ट्रामच्या घंटेचेही आभार मानून होईतो चहाचा ट्रे आला. इरा म्हणाली, "टाइम्स अप. परमिशन लॅप्स्ड." हसून हसून आमची पुरेवाट झाली आणि मी नारळ घेऊन वेड्यासारखा बसून राहिलो.

पण जाताना तो मला खाली सोडायला आला तेव्हा खुशीत नव्हता. म्हणाला, "ही नुसती वेळ मारून नेली रे. मला जिंकायचंय ते तुम्ही सगळ्यांनी आपणहून नको म्हटल्यावर. एकदा तरी."

शेवटच्या फोनवर त्याने मला नवा डाव सांगून टाकला होता. प्रतिस्पर्ध्याला कुणी आपले पत्ते दाखवतं का? पण त्याला दम निघेना. त्यामुळे तो गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या टेबलाभोवती बसलो, तेव्हा त्याची बाजू मांडणारा मी एकटाच उरलो होतो. मी त्याच्या खुर्चीत बसलो. सांगितलं, की अविनाश आज कुणालाही बाग सोडा म्हणणार नव्हता. ट्राम शेडमागची पडीक जागा आहे ना, तिच्याभोवती घरं बांधा, मधोमध सगळ्यांची एक बाग, झाडं ज्याची त्याने लावायची, आणि दारातून ट्राम. हिरवळही हवी आणि शेजारही हवा, दोन्ही मागा! बोलता बोलता मी उभा राहिलो, टेबलावर हात आपटला. आयुष्यभर शेतांतून नळ टाकणारा मी, पण त्या क्षणी मला ते गाव वाचायलाच हवं होतं.

"हँड्स अप फॉर द बिल्डर," इरा म्हणाली. कुणी हललं नाही. न्हाव्याने हात चक्क मांडीखाली धरले होते. जिंकला, अव्या जिंकला! आणि नीलिमावहिनींनी सावकाश हात वर केला.

माझा तोल गेला. "वहिनी, अहो, जिंकला होता तो!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "जिंकला की डाव संपला. मग पुढच्या महिन्यात तुम्ही सगळे कशाला याल?"

इराने हात मोजला आणि काड्यापेट्या पुन्हा पहिल्या जागी लावायला घेतल्या. मी अविनाशच्या खुर्चीतून उठलो आणि पलीकडे, बिल्डरच्या खुर्चीत जाऊन बसलो.