तुळईखालचा धुण्याचा दगड

माह्या बायकोनं सारा जन्म ज्या दगडावर धुणं धुतलं, तो दगड देवळातला निघाला. ती गेल्यावर महिनाभरानं पुतण्या मिस्त्रीले घेऊन आंगणात आला. गावच्या जुन्या देवळाची दुरुस्ती पुतण्याकडंच होती. दगड मातीतून उकरला, तर बाजूनं चार हातांचा कीचक कोरलेला. पोट सुटलेलं, डोळे बाहेर आलेले, हात वर लावलेले. आमच्या देवळात खांबाखांबावर असे कीचक छत उचलून बसले आहेत. एकाच खांबावर नव्हता. तिथं तुळईले लोखंडी पाइपाचा टेकू होता.

"काका, हाच तो," पुतण्या म्हणाला.

"असू दे. मी नाही देत."

"लोकं बसतात त्या तुळईखाली. पडली म्हणजे?"

"ने," म्हटलं.

मिस्त्रीनं दगडावरून हात फिरवला. धुऊन धुऊन मधात खोलगट झालं होतं. म्हणे, छिन्नीनं सपाट करा लागते, नाहीतर तुळई नुसती कडांवर बसन अन् दगड तडकन.

ते खोलगट तिच्या हातानं झालं आहे. तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, तोही तिच्यासारखा नाही. मी छिन्नीवर पाय दिला.

"छिन्नी लागली तर दगड घरीच राहीन."

"बुढा येडा झाला," मिस्त्री पुतण्याले म्हणाला, मले ऐकू येईल असं. मंग म्हणे, "खोलगटात शिसं ओततो. पण हमी माही नाही."

शेलूबाजारहून ट्रकचे जॅक आणले. तुळई बोटभर उचलली, पाइप काढला, खोलगटात शिसं ओतून दगड खांबावर चढवला. आता जॅक उतरवायचे होते. मिस्त्री जॅकपाशी राह्यला, बाकी सारे बाहेर पळाले. मी खांबाले टेकून उभा राह्यलो.

"काका, हटा न!"

"छिन्नी मी अडवली. पडली तर माह्यावर पडू दे."

"काकू वरून शिव्या देत असन तुमाले!"

"देऊ दे. लय दिवस झाले, आयकल्या नाही."

मिस्त्रीनं जॅक सैल केला. दगडानं दगड चावावा तसा आवाज झाला. डोळ्यात चुरा पडला. मी डोळे मिटले नाही. आवाज वाढला, अन् एकदम थांबला.

मिस्त्री वर चढला, फटीत पत्र्याचा तुकडा घालून पाह्यला. जात नव्हता.

"बसली," तो म्हणाला, अन् मले एक सणसणीत शिवी हासडली. मी तिथंच खाली बसलो.