उरलेल्या बोकडांची पिल्लं

लग्न होऊन पाचोऱ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या शेळ्यांचं आसपास नाव होतं. बकरी ईद जवळ आली की भुसावळचे एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचे आणि कळपातले सगळ्यात उंच, भरलेले बोकड घेऊन जायचे. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! किरकोळ म्हणून कुणी न घेतलेले गोठ्यात राहायचे, आणि शेळ्या त्यांच्याकडूनच फळायच्या.

पण वर्षागणिक पिल्लं खुजी होत चालली होती. आम्ही दोष चाऱ्याला दिला. मी सरकी वाढवली, जंताचं औषध पाजलं. फरक पडला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी व्यापारी आले, गोठ्यात फिरले आणि अंगणात बसलेल्या शेजाऱ्यांसमोरच म्हणाले, "आबा, चांगला माल दुसऱ्या कुणाला दिला का?"

"नाही हो भाऊ. हेच आहेत."

कुणीतरी हसलं. मी चहाचे कप तिथेच ठेवून आत पळाले. आबांच्या तोंडाकडे बघवेना. टेम्पो रिकामा परत गेला. जाताना व्यापारी आबांना एवढंच म्हणाले, "एकदा माझ्याकडे या."

आबा आणि मी भुसावळला गेलो. त्यांच्या गोठ्यात कमरेला लागतील असे बोकड उभे होते, आणि प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. आमच्याच कळपाची खूण.

"तुमच्याकडून नेलेला एक मी विकलाच नाही," व्यापारी म्हणाले. "पैदाशीला ठेवला. ही त्याचीच नातवंडं."

आबांची मान खाली गेली. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "बठ्ठा मोठा आपणच ईकी टाकात. मंग ऱ्हायनं काय?"

खरंच, मोठे सगळे आम्हीच विकून टाकले होते. ज्यांची पिल्लं होतात त्यांचेच गुण कळपात उरतात, हे मी बारावीला शिकले होते. पेपरात लिहिलंही होतं. गोठ्यात रोज शेण काढताना मात्र कधी डोक्यात आलं नाही.

"एखादा द्याल का?" आबांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. व्यापाऱ्यांनी बोकड दिला आणि बदल्यात काहीच घेईनात. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आता पिल्लं पुन्हा उंच होऊ लागलीत. यंदा व्यापारी आले तेव्हा आबांनी सगळ्यात मोठा बोकड घरामागे लपवून बांधला होता. तो ओरडला, तसे व्यापारी हसले. "राहू द्या आबा, तो मागणार नाही मी." आबा पायातली चप्पल उगाच काढत-घालत राहिले.