अज्ञात पुरुषाबरोबर लातूरपर्यंत

नांदेडच्या एका लहान संग्रहालयात मी तांत्रिक सहायक आहे. मूर्ती, चित्रं, जुनी भांडी पेटीत नीट बसवायची, एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची, भिंतीवर टांगायची, चौथऱ्यावर उभी करायची, हे माझं काम. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकले आणि पुढं या कामात शिरले. लग्न ठरताना सासरी फक्त "संग्रहालयात नोकरी" एवढंच सांगितलं गेलं होतं आणि ते सगळ्यांना ऐकायला बरं वाटलं होतं. लग्नानंतर एकदा सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, "तिथं करतीस काय पण नेमकं?"

"वस्तू उचलते, बांधते, ठेवते."

आत्यांनी भाकरी उलटली. "म्हंजी हमाली."

"हमाली नाही आत्या. त्यात शास्त्र असतं."

"हमालीत बी असतंय. माझा भाऊ भोकरच्या मोंढ्यात जल्मभर पोती उचलून राहिला. त्याला इचार."

त्या दिवसापासून शेजारणींना त्या सांगू लागल्या, "सून हमाल हाय, पण बसायला खुर्ची हाय."

लातूरला जुन्या अर्धपुतळ्यांचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी आमच्याकडचा प्लास्टरचा एक पुतळा न्यायचा होता. फेटा, जाड मिशा, एका कानाचा टवका उडालेला, आणि चेहरा असा की कुणीतरी नुकतंच याच्याकडं उसनं मागितलंय. हा गृहस्थ कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या नोंदीत तो "अज्ञात पुरुष" होता.

साहेबांनी मला बोलावलं आणि अवघडून म्हणाले, "टेम्पोनं जायचंय. बाईमाणूस एकटी कशी जाणार? सोबत कुणीतरी द्यावं लागेल."

आमचा शिपाई रजेवर होता. माझे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये, त्यांना सुट्टी नव्हती. संध्याकाळी घरी हे सांगत होते तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "मी येते की."

"आत्या, हे ऑफिसचं काम आहे."

"मग म्या काय ऑफिसात बसून राहणार हाय का? गाडीत बसून राहणार."

साहेबांना विचारलं, तर त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी लगेच होकार दिला. सकाळी आत्या हिरवं लुगडं नेसून, धपाट्यांचा डबा घेऊन संग्रहालयात हजर. मी पुतळ्याला मऊ कागद गुंडाळत होते, फोमच्या खाचेत बसवत होते, मानेच्या मागं आधार देत होते. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"पोटच्या लेकराला बी एवढं गुंडाळत न्हाईत," त्या म्हणाल्या.

टेम्पो निघाला. पुढं चालक, मधे आत्या, खिडकीशी मी. चालक बोलका होता, पण आत्यांपुढं त्याचं फार चाललं नाही. लोह्यापर्यंत त्यांनी अज्ञात पुरुषाला "पाव्हणा" करून टाकलं होतं. प्रत्येक गतिरोधकाला त्या चालकाच्या खांद्यावर हात ठेवायच्या. "हळू रं बाबा. पाव्हण्याचा कान आधीच गेलाय."

अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर चहाला थांबलो. मी पेटीचे पट्टे तपासायला मागं गेले. तेवढ्या वेळात चालकानं हॉटेलात सांगून टाकलं, "पुतळा घेऊन चाललो."

"कुणाचा?" कुणीतरी विचारलं.

"ते मॅडमला बी ठाव न्हाई."

आपल्याकडं रस्त्यावरून पुतळा चाललाय आणि तो कुणाचा हे माहीत नाही, हे वाक्य चहाच्या हॉटेलात बोलायचं नसतं. मी परत येईपर्यंत चार जण फोनवर होते. माझा चहा येईपर्यंत मोटारसायकली यायला लागल्या. चहा संपायच्या आत फाट्यावर रात्रीतून पुतळा बसवणार असल्याची बातमी पक्की झाली होती. एक जण म्हणत होता तो आमचा आहे, बसवू द्या. दुसरा म्हणत होता तो त्यांचा आहे, बसवू देऊ नका. आणि एक माणूस तर झेंडूचा हार घेऊनच आला होता. कुणाचाही असला तरी हार लागणारच, असा त्याचा हिशेब.

मग पोलिसांची जीप आली. त्यातून एक वयस्क जमादार आणि एक तरुण महिला शिपाई उतरली. मी जमादारांना कागद दिले. त्यांनी ते लांब धरून वाचले.

"हितं 'अज्ञात पुरुष' लिहिलंय. अज्ञात म्हंजी कोणत्या समाजाचा?"

"अज्ञात म्हणजे माहीत नाही साहेब."

"नाव माहीत नसंल. समाज तरी माहीत असंल."

"तोही नाही."

जमादारांनी गर्दीकडं बघितलं आणि कपाळ पुसलं. "ताई, उघडून दाखवा एकदा. त्याबिगर ही मंडळी हलायची न्हाईत."

एवढी मन लावून बांधलेली पेटी फाट्यावर उघडायची. पण दुसरा मार्ग दिसेना. मी म्हटलं, सावलीतलं मजबूत टेबल पाहिजे आणि पेटी उतरवायला माणसं पाहिजेत. हे ऐकताच सहा-सात पुरुष टेम्पोत चढले आणि प्रत्येक जण दुसऱ्याला "हळू, हळू" सांगायला लागला. एकानं पेटी आपल्याकडं ओढली, दुसऱ्यानं आपल्याकडं. मी ओरडून सांगत होते की आधी अंगठ्या, कडी, घड्याळं काढा, आणि मी सांगेन तेव्हाच हात लावा. कुणी ऐकेना.

आत्या हॉटेलच्या बाकड्यावरून उठल्या.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण घरच्या पोरांना म्हणतात तसा होता. माणसं उतरली. मग त्यांनी महिला शिपायाकडं बोट केलं. "ये माय, तू ये." हॉटेलवाल्याची बायको दारात उभी होती, तिलाही हाक मारली. दोघी आल्या. मी म्हटलं, "बांगड्या काढा, घड्याळ काढा, पट्टाही काढा." शिपायानं एकदा जमादारांकडं बघितलं आणि पट्टा काढला. आत्यांनी पदर पसरून सगळा ऐवज ओटीत घेतला आणि बाकड्यावर बसल्या. पोलिसाचा पट्टा आणि हॉटेलवालीच्या पाटल्या, दोन्ही त्यांच्या राखणीत.

"तीन म्हटल्यावर उचलायचं. खालून धरायचं. कुणाला जड झालं तर लाजायचं नाही, सांगायचं," मी म्हटलं. आम्ही पेटी टप्प्याटप्प्यानं उतरवली आणि टेबलावर ठेवली. हॉटेलवाली खाली बघून एवढंच म्हणाली, "माझ्या गॅसच्या टाकीहून हलकं हाय."

मी झाकण काढलं, कागद बाजूला केला. गर्दी पुढं सरकली. अज्ञात पुरुष सगळ्यांकडं तसाच रागानं बघत होता.

एक म्हातारा पुढं वाकून बघत म्हणाला, "हा आमचा न्हाई."

"आमचा बी न्हाई," पलीकडून आवाज आला.

"माझ्या हेडमास्तरासारखा दिसून राहिला," एक जण मागं सरकत म्हणाला. "लई मारायचा."

लोक पांगायला लागले. आत्यांना ते लागलं. पाव्हण्याला दारात बोलावून कुणी ओळख दाखवू नये तसं. ओटी सांभाळत त्या म्हणाल्या, "कुणाचा न्हाई कसा? माझ्या सुनंसंगं आलाय, म्हंजी आमच्या घरचा हाय."

जमादार घाईनं पुढं आले. "आजी, कुणाचाच न्हाई ते लई बरं झालं. न्या लवकर, कुणाचा तरी व्हायच्या आत."

हारवाला मात्र हटेना. प्लास्टरवर झेंडूचा डाग पडतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. शेवटी त्यानं हार टेम्पोच्या आरशाला घातला, आणि चालक लातूरपर्यंत नवरदेवासारखा ताठ बसला.

पुन्हा पेटी बांधताना महिला शिपाई माझ्या शेजारी फोम दाबून धरत होती. हळूच म्हणाली, "ताई, ह्या कामाला काय शिक्षण लागतं? माझी बहीण निलंग्याला घरीच बसून हाय. आयटीआय झालंय तिचं, फिटर. कुणी कामावर घेईना, म्हणतात पोरीला पाना उचलंल का." मी तिला माझा नंबर दिला.

लातूरला प्रदर्शनाच्या दारात चार माणसं वाट बघत होती. त्यांचा प्रमुख सरळ चालकाकडं गेला. "कुठून धरायचं सांगा."

"मला काय इचारता," चालक म्हणाला. "म्या फक्त गाडी चालवतो. मॅडमला इचारा. आणि त्या म्हातारीला घाबरून ऱ्हावा." त्यांनी खरंच विचारलं, आणि पुतळा नवा टवका न उडता चौथऱ्यावर बसला. डबा आम्ही तिथंच पायरीवर उघडला.

पुढच्या महिन्यात निलंग्याच्या मुलीचा फोन आला. आमच्याकडं मदतनिसाची जागा होती, साहेबही तयार होते, पण तिचे वडील नको म्हणत होते. परगाव, टेम्पो, जड सामान. मी फोनवर बरंच बोलले. उपयोग होईना, तेव्हा आत्यांनी फोन हातातून घेतला.

"दाजी, काम हमालीचंच हाय, खोटं सांगत न्हाई," त्या म्हणाल्या. मी डोळे मिटून घेतले. "पण पोरगी हो म्हणून राहिली, अन् तुमी न्हाई. उचलायचं तिला हाय का तुमाला? ऱ्हायला आमच्या घरी ऱ्हाईल."

पलीकडून वडील म्हणाले, "जेवायला तिखट कमी लागतं तिला."

मुलगी आली. आता आमच्या पुढच्या खोलीत राहते, आणि संग्रहालयात माझ्याबरोबर पेट्या बनवते. पान्यावर तिचा हात माझ्याहून पक्का आहे. कामावर दोन बायका झाल्यावर ऑफिसनं पहिल्यांदाच लहान मापाचे रबरी हातमोजे मागवले. तोवर मी पुरुषांचे मोजे घालून काम करत होते, बोटांची टोकं पुढं लोंबायची. नवे मोजे अगदी नेमके बसले.

ते आत्यांनाही नेमके बसतात. ते घालून त्यांनी उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या मिरच्यांचे देठ खुडून दिले. परवा साहेबांनी विचारलं, एवढे मोजे लागतात कशाला? आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. निलंग्याची म्हणाली, "साहेब, काम वाढलंय."