फॉर्मवरचा तिसरा चौकोन

गीझर आणि वॉशिंग मशीन उघडून त्यांतला पांढरा थर खरवडता खरवडता तिचे केस, भुवया आणि नखं संध्याकाळपर्यंत पांढरी व्हायची, म्हणून सर्व्हिस सेंटरमधली माणसं तिला खडूबाई म्हणत. म्हणोत बापडी. ती नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण या नावाचा राग तिला कधी आला नाही.

ती या कामात आली तीच मुळी रागानं. लग्न होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच घरातले दोन गीझर जळाले आणि तिसरा कुरकुरायला लागला. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं, "सुनेचा पायगुण." आता गीझर भिंतीवर, पाय जमिनीवर. पायगुण एवढा वर चढला कसा, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं मेन स्विच बंद केला, पान्हा घेतला आणि गीझर खोलला. आतला रॉड मनगटाएवढा जाड झाला होता, वरून सगळा दगडासारखा थर. तो तिनं ताटात ठेवला आणि सासूबाईंच्या पुढ्यात सरकवला.

"हा घ्या माझा पायगुण. नळाला येतो रोज."

तो विषय त्या घरात कायमचा मिटला. खडूबाईचा मात्र तिथून सुरू झाला. रीतसर काम शिकून ती सर्व्हिस सेंटरला लागली, आणि पुढं नवऱ्याचं दुकान बसल्यावर घर तिच्याच पगारावर उभं राहिलं.

भानगड होती फॉर्मची. मशीन का बिघडलं, ते सांगायला कंपनीच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते. एक 'उत्पादनातील दोष', दुसरा 'चुकीचा वापर'. पहिल्यावर खूण केली की दुरुस्ती फुकट, म्हणून ती कुणी करायचं नाही. उरला दुसरा. त्या गावचं पाणी एवढं जड की बादलीत साबणाला फेस येत नाही, पण फॉर्ममध्ये पाण्याला जागाच नव्हती. मग खडूबाई पेनानं स्वतःच तिसरा चौकोन काढायची, त्यात खूण करायची आणि शेजारी लिहायची, 'पाणी'.

नव्या साहेबांच्या टेबलावर असे चाळीस फॉर्म जमले तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, हे चौकोन काढायचे धंदे बंद करा. आजच्या कामाला मी स्वतः येतोय. दुसऱ्या चौकोनात खूण दिसली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं? साहेबांबरोबर ग्राहकाच्या इमारतीचे जिने चढताना तिनं मनाशी ठरवूनही टाकलं, आजच्या दिवस करावी खूण आणि मोकळं व्हावं.

चौथ्या मजल्यावर दहा महिन्यांचं वॉशिंग मशीन बंद पडलेलं. दारात घरधनी उभा, आणि मशीनपाशी ओले हात पुसत त्याची बायको. वय असेल चोवीस-पंचवीस.

"कितीदा सांगितलं, पावडर बेतानं टाक," नवरा साहेबांना सांगत होता. "केटली झाली, इस्त्री झाली, आता हे. हिच्या हातात वस्तू टिकतच नाही."

"चुकीचा वापर," साहेब म्हणाले. मशीनचं मागचं झाकण अजून उघडलंही नव्हतं.

ती मुलगी खाली बघून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

झालं. खडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं झाकण काढलं, पांढऱ्या थरानं माखलेली पाणी तापवायची कॉइल ओढून बाहेर काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मग ग्लासभर नळाचं पाणी घेऊन त्यात खिशातली तपासायची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली, म्हणजे पाणी अगदीच जड.

"पोरी, मशीन बसवायला आले तेव्हा पाणी असं तपासलं होतं कुणी?"

"नाही मावशी. पाइप जोडला, सही घेतली आणि गेले."

"आणि साहेब, तपासल्याशिवाय बसवू नये, जड असेल तर फिल्टर लावावा, हे तुमच्याच पुस्तकात आहे. मी पाठ केलंय, तुम्ही निदान वाचा तरी." तिनं फॉर्म मशीनवर ठेवला, तिसरा चौकोन काढला, नेहमीपेक्षा मोठा. "पाणी. आणि चूक कंपनीची."

"ओळखपत्र काढून ठेवा," साहेब म्हणाले.

तिनं काढून ठेवलं. हत्यारांची पिशवी उचलून ती निघाली. दोन मजले उतरते तोच मागून चपला वाजल्या. ती मुलगी वहीचं पान आणि पेन घेऊन धावत आली होती.

"मावशी, माझी चूक नाही, एवढं यावर लिहून द्याल?"

"आता माझ्या लिहिण्याला कोण विचारतंय गं? नोकरी गेली माझी. तुझा नवरा मानायचा नाही."

"त्यांच्यासाठी नाही. मला हवंय."

खडूबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. मग कागद जिन्याच्या भिंतीला टेकवून ठळक अक्षरात लिहिलं, 'मशीन पाण्यानं गेलं. या मुलीची काहीही चूक नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

मुलीनं ते एकदा मनात वाचलं. मग वर तोंड करून मोठ्यानं वाचलं, चौथ्या मजल्यावरच्या दोघांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.