'चांगले काय' हा रकाना

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शारजात एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो. ड्यूटी दुपारी चारला सुरू व्हायची. सकाळ मोकळी असे, म्हणून शेजारच्या अजमानच्या एका छोट्या खाजगी कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस बातमीलेखन शिकवायला जाऊ लागलो. वर्गात एकोणीस विद्यार्थी होते, त्यांत मराठी एकच मुलगी. मी मराठीत विचारलं तरी ती उत्तर इंग्रजीत देई. तिच्या वडिलांचा बांधकामाच्या कंत्राटांचा व्यवसाय होता. तिला बातमीदार व्हायचं होतं आणि वडिलांनी त्यासाठी एक सत्र दिलं होतं. जमलं नाही तर पुण्यात आत्याकडे राहून बी.कॉम. हे तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरलो.

सत्राच्या मध्यावर प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामावर एक पानभर अभिप्राय लिहायचा, अशी कॉलेजची पद्धत होती. डाव्या रकान्यात 'चांगले काय', उजव्यात 'सुधारायचे काय'. नुसते गुण कळून मूल घडत नाही, त्याला स्वतःची ओळख पटली पाहिजे, असं प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं होतं. पान घरी जाई आणि वडिलांच्या सहीनं परत येई. मुलांचे व्हिसा वडिलांच्या जिवावर, त्यामुळे सहीही त्यांचीच लागे.

मी अभिप्राय डेस्कच्या सवयीनं लिहिले. डेस्कवर बरोबर ओळीबद्दल कुणी काही बोलत नाही. ती आहे तशी छापायला जाते, तीच शाबासकी. चांगल्या कॉपीवर, म्हणजे बातमीदारानं दिलेल्या मजकुरावर, जास्त वेळ द्यायचा, कारण ती आणखी चांगली होऊ शकते. टाकाऊ कॉपीवर कुणी पेन झिजवत नाही. त्या मराठी मुलीनं मजुरांच्या लेबर कॅम्पमध्ये येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर वृत्तान्त लिहिला होता. वर्गात तो सर्वांत चांगला होता. मी तिच्या उजव्या रकान्यात चौदा मुद्दे लिहिले. डावा कोरा सोडला. बाकीच्यांना दोन-तीन मुद्द्यांत उरकलं.

तिचं पान सहीशिवाय परत आलं. ते घेऊन वडील स्वतः आले, साइटवरचे बूट घालूनच. ती मागे दाराशी उभी राहिली.

"सर, आमच्या साइटवर कन्सल्टंट येतो, काम तपासून रिमार्क मारतो," ते म्हणाले. "दोन-चार असले तर दुरुस्त करून देतो आम्ही. चौदा मारले म्हणजे तो सांगतोय, खलास, पाडा आणि परत बांधा."

"तसं नाही. तिचं काम सगळ्यांत चांगलं आहे."

"मग इथं का नाही लिहिलं?" त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "जागा तर ठेवलीय."

मी डेस्कची रीत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्याला जास्त शिव्या तोच लाडका. आमचा फोरमनही हेच म्हणतो. त्याच्याकडे माणसं टिकत नाहीत."

मी ऑफिसातून नवं पान आणलं आणि त्यांच्यासमोरच डावा रकाना भरला. माणसांना बोलतं करते. आकडे स्वतः तपासते. न पाहिलेलं लिहीत नाही. पाच ओळी झाल्या. त्यांनी त्या उभ्यानंच वाचल्या.

"यातलं खरं कुठलं? आधीचं की हे?"

"दोन्ही."

"सर, कुणी ऑफिसात येऊन उभं राहिलं म्हणून कॉपी बदलायची नाही, असं तुम्ही वर्गात शिकवलंत. हिनंच मला घरी सांगितलं. कौतुकानं सांगितलं."

मी ते शिकवलं होतं, पहिल्याच तासाला. मी मुलीकडे पाहून म्हणालो, "तू सांग बाबांना."

"इट्स ओके, सर," ती म्हणाली. "आय काउंटेड. नोबडी एल्स गॉट फोर्टीन."

"यल्ला, चल," वडील तिला म्हणाले. नवं पान त्यांनी टेबलावरच ठेवलं.

तीन आठवड्यांनी ती पुण्याला गेली. जाण्यापूर्वी तिनं कॉलेजच्या क्लार्ककडे माझ्यासाठी एक पाकीट ठेवलं होतं. आत टँकरचा तोच वृत्तान्त होता, नव्यानं लिहिलेला. मी तो डेस्कवर, पेन उघडून वाचला. चौदाही मुद्दे तिनं दुरुस्त केले होते. खूण करावी असं एकही ठिकाण सापडलं नाही. पाकिटात चिठ्ठी नव्हती. क्लार्ककडे तिचा पत्ता आणि फोन नंबर अजमानच्या घराचाच होता. त्या नंबरवर फोन केला. वडिलांनी उचलला, ती बरी आहे, कॉलेज सुरू झालंय, असं सांगितलं आणि ठेवला.

पुढच्या सत्रापासून मी डावा रकाना आधी भरू लागलो. तिचं दुसरं पान कॉलेजच्या फायलीत गेलं. त्यावर दोन्ही रकाने भरलेले होते, सहीची जागा कोरी होती.